चार वाजता ऊन येतं का?

वर्षातून एकदा, डोंगरावरची पानं लाल झाली की आम्ही तिघी एका रात्रीसाठी कुठल्यातरी गरम पाण्याच्या झऱ्यावर जातो. सराई निवडायचं काम पहिल्यापासून फुसाएकडे. तिला कोणी नेमलेलं नाही. कापड गिरणीत होतो तेव्हाही उन्हाळ्यात पंख्याचं तोंड कुणाच्या मागाकडे किती वेळ राहील हे तीच ठरवायची, आणि मी आणि किनुयो मान डोलवायचो. सवय लागली ती लागली.

तिची निवडायची रीत ठरलेली. स्टेशनजवळच्या प्रवास कंपनीतून फुकटची रंगीत पत्रकं पिशवी भरून आणायची, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायची, आणि मी चहा ओतेपर्यंत निम्मी बाद करायची.

"हा खेकडा बघ, अख्ख्या पानभर. खेकडा एवढा मोठा छापतात तेव्हा खोल्या दाखवण्यासारख्या नसतात." बाद. "ही मालकीण बघ, किती वाकलीय. दिवसभर एवढं वाकणारी बाई रात्री पाठदुखीने चिडकी होते." बाद. जिने फार, बाद. 'तरुण जोडप्यांसाठी खास' लिहिलेल्या पत्रकावर ती जरा जास्त वेळ थांबायची, पण तेही बाद.

या वर्षी मात्र त्याच्या आधीचाच प्रश्न होता. तिघी जाणार, की दोघीच?

गेल्या वर्षी आम्ही डोंगरातल्या एका सराईत उतरलो होतो. संध्याकाळची वेळ, उघड्यावरचं कुंड, मिणमिणते कंदील आणि इतकी वाफ की स्वतःचे गुडघे दिसेनात. आमच्या वयाला याहून सोयीचं काही नाही. त्या वाफेत किनुयो हळू आवाजात बोलायला लागली. तिच्या नवऱ्याचं, शिगेझोंचं, विसरणं वाढलंय हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती तो विषय कधी काढत नसे. त्या दिवशी म्हणाली, "परवा सकाळी त्यांनी मला वाकून नमस्कार केला. विचारलं, आपण कुठल्या गावच्या?"

आणि फुसाए हसली. ओठ दाबून वगैरे नाही, गिरणीत हसायची तशी, मान मागे टाकून.

किनुयो पाण्याबाहेर पडली. जेवताना तिने टोफूचं कौतुक केलं, परतीच्या गाडीत शेतांचं कौतुक केलं, आणि नंतर वर्षभर फुसाएला एक फोन केला नाही. नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र तेवढं पाठवलं. छापील, खाली हाताने लिहिलेलं एक अक्षर नाही. यंदा मी सहलीचं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही दोघी जा. मला घर सोडता येत नाही." शिगेझोंना रात्रभर सांभाळणारं केंद्र तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी फुसाएला म्हटलं, "तू आधी तिची माफी माग. सरायांचं मग बघू."

"आधी सराई," ती म्हणाली. "बरोबर मिळाली तर ती येईल."

"किनुयो काय जेवणावर रुसलीय?"

पण तिने पत्रकं पसरलीसुद्धा. या वेळी खेकड्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. कुंडांचे फोटो ती खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. कंदील दिसला की बाद. चांदणं, बाद. धुकं तर बघताक्षणी बाद. शेवटी शिंजी सरोवराच्या काठच्या तीन सराया उरल्या.

"फोन लाव," ती म्हणाली.

"मी कशाला? तुझा फोन काय झाला?"

"बिघडलाय."

"मग माझ्यावरून बोल की."

"तुझा आवाज गोड आहे. लाव."

इतक्या वर्षांत माझ्या आवाजाला तिने कधी गोड म्हटलं नव्हतं. मी लावला.

"विचार, कुंडात वाफ कितपत असते."

"भरपूर," पलीकडचा माणूस अभिमानाने म्हणाला. "अगदी ढगात बसल्यासारखं वाटेल तुम्हाला."

मी सांगितलं. फुसाएने बोटांची कात्री करून दाखवली. मी फोन ठेवला.

दुसरीकडे तिने दिव्यांचं विचारायला लावलं. "एकदम मंद आहेत," तिथली मुलगी म्हणाली. "शेजारी कोण बसलंय तेसुद्धा कळत नाही. आमच्याकडे बायका त्यासाठीच येतात." पुन्हा कात्री.

तिसऱ्या सराईत मालकिणीनेच फोन उचलला.

"विचार, दुपारी चार वाजता कुंडावर ऊन येतं का?"

"येतं हो," मालकीण ओशाळली. "थेट तोंडावरच येतं. वरच्या मजल्यावर आहे ना कुंड, पुढे नुसतं सरोवर. बांबूचा पडदा लावायचाय कधीचा, राहूनच गेलाय. तुम्ही आपलं अंधार पडल्यावर उतरा पाण्यात, तेव्हा बरं वाटतं."

मी फोनवर हात ठेवून हे सगळं सांगितलं. फुसाए माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "सांग त्यांना, आम्ही येऊन जाईपर्यंत पडदा लावू नका," ती म्हणाली. "आणि तीन जणी म्हण."

फोन ठेवल्यावर मात्र मला राहवेना. ती पाठ करून पत्रकं पिशवीत भरत होती. "फुसाए, सत्तरीला आलो आपण. भर उन्हात एकमेकींची पोटं बघत बसायची हौस आलीय का तुला?"

उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, तरी नाही. मी टेबलावर थाप मारली तेव्हा ती वळली. केस मागे सारून तिने कान दाखवला. आत वालाच्या दाण्याएवढं ऐकायचं मशीन होतं.

"दोन्हीकडे आहे," ती म्हणाली. "मागांनीच खाल्ले कान. पाण्यात उतरताना काढावं लागतं."

"म्हणजे गेल्या वर्षी?"

"एक अक्षर ऐकू आलं नाही. वाफेत तिचं तोंडही दिसेना. खांदे हलताना दिसले, वाटलं काहीतरी गमतीचं सांगतेय. हसले नसते तर मला ऐकू येत नाही हे तुम्हाला कळलं असतं, म्हणून हसले. ती काय बोलली ते तू स्टेशनवर माझ्यावर चिडलीस तेव्हा समजलं."

"मग तेव्हाच सांगायचंस ना, बाई."

"सुनेला सांगितलं होतं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, ओरडते. आमच्याकडे भात झाला की सगळ्या गल्लीला कळतं. मला सांग इत्सुको, ओरडून सांगण्यासारखं असतं काय? भात झाला, पाऊस आला, दार लाव. नवऱ्याचं असलं कुणी ओरडून सांगतं का?"

मला उजेडाचं कोडं आता कुठे उलगडलं. मागांच्या खडखडाटात आवाजाचा काही उपयोग नसे. शेडमध्ये आम्ही बोलायचो ते नुसत्या ओठांनी, तोंड मोठं करून, मुकादमाच्या पाठीमागे. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला कुणाचं लग्न ठरलं ते फुसाए जागेवरून वाचायची.

"किनुयोला काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तिला मी दाखवीन."

दुसऱ्या दिवशी मी किनुयोकडे गेले. ती पडवीत बसून काकी नावाची तुरट फळं सोलत होती. आमच्याकडे ती सोलून दोरीला बांधून वाळवतात, मग गोड होतात. शिगेझो बाहेर आले, मला वाकून नमस्कार केला आणि आत गेले. माझ्याशी ते पूर्वीही एवढंच बोलायचे.

"या वकीलबाई," किनुयो म्हणाली. "तुमच्या अशिलाला यंदा हसायला कोणी मिळालं नाही वाटतं?"

"सराई ठरलीय. शिंजीच्या काठावर."

"असेल चांगली. कंदील वगैरे असतील."

"नाहीत. कुंडावर चार वाजता ऊन येतं. थेट तोंडावर. मुद्दाम शोधून काढलीय तिने."

किनुयोची सुरी थांबली. अठरा वर्षं तिचा माग फुसाएच्या समोर होता. "तोंड दिसायला हवंय तिला?" तिने विचारलं.

मी गप्प राहिले. गप्प राहायचं मी कबूल केलं होतं, चेहऱ्याचं काही कबूल केलं नव्हतं. किनुयोने तो बराच वेळ बघितला. मग हातातलं फळ पूर्ण सोललं आणि दोरीला बांधलं.

"एकच रात्र," ती म्हणाली. "आणि गाडीत खिडकी माझी."

सराईत पोचलो तेव्हा मालकिणीने उन्हाबद्दल पुन्हा एकदा माफी मागितली. कुंडात आणखी दोघी बायका होत्या, त्या डोक्यावर ओले पंचे घेऊन सावलीचा कोपरा धरून बसल्या होत्या. आम्ही उघड्यावर बसलो. सरोवर असं चमकत होतं की डोळे बारीक करावे लागत होते, आणि आमच्या तिघींचं जे काही होतं ते सगळं स्वच्छ दिसत होतं.

कपडे बदलायच्या खोलीतच फुसाएने किनुयोसमोर दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली होती. किनुयोने डबीकडे बघितलं. आता फुसाए पाण्यातून सरकत सरकत तिच्या बरोबर पुढे जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"गेल्या वर्षीचं पुन्हा सांग," ती म्हणाली. तिला वाटलं, हळूच म्हणाली. सावलीतल्या दोघींनी वळून बघितलं.

किनुयोने खांद्यावरचा पंचा काढून काठावर ठेवला. मग फुसाएकडे तोंड केलं आणि ओठ हलवायला लागली. आवाज नाही, शेडमधल्यासारखं, प्रत्येक अक्षर उघडं करून. मी बाजूला होते, मला अर्धंच वाचता येत होतं.

"वाकून नमस्कार केला. म्हणाले, आपण कुठल्या गावच्या?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, इथलीच."

"त्यावर?"

किनुयो थांबली. हे पुढचं मलाही ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी ती तिथपर्यंत पोचलीच नव्हती. तिने तोंडावर पाणी मारलं, पुसलं आणि सांगितलं. फुसाएने भुवया आक्रसल्या. "परत एकदा. सावकाश."

किनुयोने सावकाश सांगितलं, आणि या वेळी मीही वाचलं. "म्हणाले, माझं लग्न झालंय हो. नाहीतर तुम्हालाच विचारलं असतं."

फुसाए हसली नाही. ती डोळे मोठे करून किनुयोच्या ओठांकडे बघत होती, अजून काही यायचं असेल तर निसटायला नको म्हणून. किनुयोचे ओठ मिटलेले होते, पण ते नीट मिटत नव्हते. एक कोपरा सारखा वर जात होता.

फुसाएने आधी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"यावर हसायचं का?" तिने विचारलं. खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल.

"हस," किनुयो ओठांनी म्हणाली, आणि फुसाएने मान मागे टाकायच्या आत तिला स्वतःलाच हसू फुटलं.