रावद्नाचा आखूड ‘अ’

सात वर्षांची असताना रावद्नाला वसतिशाळेत नेलं. तिथे घरची सामी भाषा बोलणाऱ्या पोराला जेवणावरून उठवत. सुट्टीत ती नदीकाठच्या घरी परतली तेव्हा तोंडात नॉर्वेजियन पक्की बसली होती, सामी मोडकीतोडकी. सामीत स्वर किती लांबवला यावर अर्थ फिरतो. रावद्ना सगळे स्वर एकाच मापात तोडायची.

“ऐका गं, पाहुणीबाई बोलताहेत!” तिची आई, बिरेत, रेनडिअरचं कातडं घासता घासता हसायची. “मास्तरीणबाईंचं मांजरसुद्धा हिच्यापेक्षा बरं बोलेल.”

आईला ती थट्टा वाटायची. मुलीला लागायची. लग्न होऊन आल्ताला गेल्यावर रावद्नाने सामी बोलणं टाकूनच दिलं. मुलगी सुन्ना झाली, तिच्याशीही नॉर्वेजियनच.

आई फार आजारी असल्याचा निरोप आला तशी ती गेली. तान्ह्या सुन्नाला नवऱ्यापाशी गाडीतच ठेवलं. आजाऱ्याच्या खोलीत लेकरू कशाला न्यायचं? बिरेतला धाप लागलेली. लेकीकडे बघून ओठ हलले. रावद्नाला ऐकू आलं, “मना.” म्हणजे जा.

“जाते,” रावद्ना म्हणाली. “मरतानाही माझं तोंड नकोच ना तुला!”

दफनानंतर एल्लेमावशी कॉफी ओतत म्हणाली, “पोर का नाही गं दाखवलीस तिला? त्या दिवशी सकाळपासून ‘माना, माना’ करत होती.”

‘माना’ म्हणजे लेकराला.

“आखूड म्हणाली ती,” रावद्ना पुटपुटली. “मी ऐकलं ना.”

“लांबवायला दम कुठे उरला होता तिच्यात? आणि तुला तरी कधी फरक कळायचा?”

रावद्नाने कप तसाच ठेवला.

सुन्ना मोठी झाली, ट्रोम्सोला जाऊन सामी शिकली, तिथेच शिकवू लागली. घरी आली की आईशी सामीतच बोलायला बघायची.

“म्हण की आई, एक वाक्य. चुकलं तर मी सांगेन.”

“माझ्याशी नॉर्वेजियन बोल.”

“लाज वाटते ना तुला आपल्या भाषेची?” एकदा सुन्ना भडकली. “तुम्हीच मारलीत ती. आजी असती तर तिने शिकवली असती मला!”

रावद्ना उठून बटाटे सोलायला बसली. त्यानंतर सुन्नाचं येणं कमी होत गेलं. आता नाताळात फोन येतो. दोघी हवापाण्याचं बोलतात, नॉर्वेजियनमध्ये.