“अपनी इच्छा से, पूर्णविराम”

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. भूत, चकवा, झपाटणं... कशावर काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही ठेवायची इच्छा नाही. पण जे झालं ते झालं. मला त्याची भीती कमी आणि राग जास्त आहे.

मी भोपाळची. पिपलानीत आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो, बाबा तिथेच टेक्निशियन, मूळचे आम्ही अमरावतीकडचे. गेल्या वर्षी मी इतिहासात एम.ए. करत होते. घरी ठरलं होतं, नापास झाले तर शिक्षण बंद आणि नागपूरचं एक स्थळ बघायचं. बाबांनी हे प्रेमानेच सांगितलं होतं... पण सांगितलं होतं.

मध्ययुगीन युरोपचा पेपर एक सर शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, वर्षानुवर्षं त्याच कागदांवरून हिंदीत डिक्टेट करायचे. प्रत्येक वाक्य दोनदा, शेवटी “पूर्णविराम”. परीक्षेत तेच शब्द उतरवायचे, स्वतःचं काही घातलं की मार्क कापले. इंटर्नलचे मार्कही त्यांच्याच हातात.

त्या दिवशी विषय होता तिकडच्या चर्चना लागून असलेल्या कोठड्यांचा. काही बायका देवासाठी म्हणून त्यात कायमच्या कोंडून घेत. मेलेल्या माणसासाठी म्हणतात त्या प्रार्थना त्यांच्यासाठी जिवंतपणी म्हणायचे, दार बंद करून टाकायचे, आणि मग जेवणपाणी खिडकीतून. सर म्हणाले, “ये स्त्रियाँ अपनी इच्छा से कोठरी में जाती थीं, पूर्णविराम.”

मी हात वर केला. विचारलं, सगळ्याच का सर? आणि नंतर एखादीला बाहेर यावंसं वाटलं तर तिला कुणी विचारायचं का?

सर म्हणाले, “बेटा, आपको पास होना है कि नहीं?”

वर्ग हसला. माझी कानशिलं तापली. मी खाली बसले आणि सरांनी सवयीने तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं. “अपनी इच्छा से” म्हणताच भिंतीतून ठोका आला.

खोली दुसऱ्या मजल्यावरची, अगदी टोकाची. ज्या भिंतीतून आवाज आला ती बाहेरची. पलीकडे ना गॅलरी, ना पाइप, ना झाड, खाली नुसता स्कूटर स्टँड. भर दुपारची वेळ. आणि मी बसले होते तिच्या विरुद्ध बाजूला, दाराजवळ.

सरांनी कोण आहे म्हणून दरडावलं. लिंक तुटली म्हणून त्यांनी वाक्य परत घेतलं, आणि परत तिथेच आवाज. या वेळी तळहात आपटल्यासारखा. शेजारी बसलेल्या फरहीनने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, “यार, ये बाहर से नहीं, दीवार के अंदर से आ रहा है.”

सरांनी पुढचं वाक्य घेतलं. काही नाही. त्यांना काय वाटलं कोण जाणे, परत मागे आले, तेच वाक्य मोठ्याने म्हणाले. आता आवाज थांबेना... पूर्णविराम येईपर्यंत आपटणं चालू. भिंतीजवळच्या मुलाच्या खांद्यावर चुना पडला. सर खिडकीशी गेले, बाहेर वाकून पाहिलं, आणि वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मग त्यांना मी दिसले. हा सगळा माझा ड्रामा आहे म्हणाले, आणि मला इंटर्नलमध्ये नापास केलं.

अख्ख्या वर्गाने ऐकलं होतं हो! दुसऱ्या दिवशी मी एकेकाला म्हटलं, एचओडी मॅडमकडे चला माझ्याबरोबर. कुणी काही ऐकलंच नव्हतं. एक जण तेवढा म्हणाला, एसीचं काम चालू असेल. आमच्या कॉलेजात धड पंखे फिरत नाहीत, आणि म्हणे एसी! ज्याच्या खांद्यावर चुना पडला त्याने तर माझा फोनच उचलला नाही. फक्त फरहीन आली.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि सरांना बोलावलं. सर म्हणाले, लडकी बदतमीज़ है, बाक वाजवत होती. मॅडमनी शांतपणे विचारलं, “कौन-सा वाक्य था, सर? एक बार बोलिए.”

सरांनी तोंड उघडलं. बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. “ये स्त्रियाँ...” एवढं म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, “रहने दीजिए, मॅडम,” आणि माझे मार्क तिथल्या तिथे भरून दिले.

मी पास झाले. नागपूरला नकार कळवला. बाबा आधी पाइपमधली हवा असेल म्हणत होते. एका रविवारी स्कूटर काढून स्वतः ती भिंत खालून बघून आले आणि त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मलाही उत्तर सापडलेलं नाही. इथे कुणाकडे असेल तर सांगा, फक्त “मनाचे खेळ” म्हणू नका.

आता तो वर्ग तळमजल्यावर भरतो. ज्युनियर मुली सांगतात, नोट्समधून ते वाक्यही गेलं आहे. चला, बरं झालं... पण हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. त्या बायकांबद्दल मी विचारलं होतं, चांगला हात वर करून, सरळ शब्दांत. तेव्हा सगळे हसले होते.