जाहीरनाम्यातून खोडलेली ओळ

सरांचा मला आजही राग येतो, आणि तो मी कमी होऊ दिलेला नाही.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. वाळूजला कारखाने आले तशी गायरानं गेली, आणि पाठोपाठ नाल्याला तांबडं, उग्र वासाचं पाणी आलं. ते पिऊन वडलांची मेंढरं पोटं फुगून मेली. मी तेव्हा त्याच कारखान्यांच्या वसाहतीत शिफ्टला जात होतो. दाद कुणाकडं मागावी कळेना. अशात सर गावात आले. शहरातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पाणी, गायरान आणि झाडं यांसाठी त्यांनी एक छोटा पक्ष काढला होता. बोलणं इतकं मऊ, की आम्हाला ते देवमाणूसच वाटले.

नाल्यापलीकडं बौद्धवस्ती होती. त्यांचीही विहीर नासली होती. तिथली एक आक्का बांधकामावर जायची. रिकामे हंडे घेऊन कचेरीवर मोर्चा तिनंच नेला होता. तिनं सरांना तोंडावर विचारलं, "पाण्यासाठी आम्ही तुमच्यासंगं येतो. विद्यापीठाच्या नामांतरासाठी तुम्ही येता का?"

"येतो. लिहून देतो," सर म्हणाले.

आणि खरंच जाहीरनाम्यात ओळ छापली: नामांतर झालंच पाहिजे. गावातल्या बड्या घरांनी आमच्याशी बोलणं टाकलं, गिरणीवर आमचं दळण मागं ठेवलं. आम्ही हटलो नाही.

मग जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. उमेदवार मी. अर्ज भरला, आणि सरांनी पुंडलिकनगरच्या घरी बोलावलं.

"मोठ्या पक्षाशी युती झाली," ते म्हणाले. "तुझ्यासमोर ते कुणी देणार नाहीत. पंचायत समितीला आपण त्यांच्या माणसाचं काम करायचं."

त्यांचा माणूस म्हणजे कारखान्यांच्या घाण पाण्याचे ज्याचे टँकर आमच्या नाल्यात रिकामे व्हायचे तो. नामांतराविरुद्ध गावच्या पारावर शिव्या देणाराही तोच. नवा जाहीरनामा हातात आला. त्यात ती ओळ नव्हती.

"सर, ओळ?"

"आधी निवडून येऊ, मग बघू. पर्यावरणाला जात नसते."

तिथंच उठायला पाहिजे होतं. मी चहा प्यालो. दोन दिवस त्या टँकरवाल्याच्या जीपमध्ये बसून हात जोडत फिरलो. या गोष्टीचा राग सरांवर काढून भागत नाही.

तिसऱ्या दिवशी जीप वस्तीत गेली. आक्कानं लेकीकडून पत्रक वाचून घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. "ओळ कुठं गेली?"

मी सरांचं वाक्य जसंच्या तसं म्हणालो.

"तुही मेंढरं मेली तव्हा नाल्यातून आम्ही वढून काढली. तव्हा आमची जात तुला लई ठावी व्हती, तरी हाक मारलीस. आता नसती व्हय जात?"

जीपमधला टँकरवाला हसला. मी खाली उतरलो आणि पायी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागं घ्यायची मुदत संपत होती. तहसीलमध्ये जाऊन मी सही केली. संध्याकाळी सर स्कूटरवरून आले. त्यांचा मऊपणा गेला होता. "एका सहीनं पक्षाचं वाटोळं केलंस!"

"ते तुम्ही छापखान्यातच केलं," मी म्हणालो.

वाटलं होतं, आक्का तरी बरं म्हणेल. सांगायला गेलो तर ती वाळूची चाळण झटकत म्हणाली, "अर्ज मागं घेतला म्हणजे सुटलास व्हय? उभा राहून त्याच्याविरुद्ध बोलला असतास तर मानलं असतं. आता तर आमच्या बाजूनं उभंच कुणी नाय."

खरं होतं. मी माझे हात धुतले होते, तिच्या विहिरीचं काहीच झालं नव्हतं.

टँकरवाला निवडून आला. सर सरकारच्या कुठल्याशा समितीवर गेले, रोप लावतानाचे त्यांचे फोटो छापून यायला लागले. पुढं विद्यापीठाचं नाव बदललं. त्यात आमच्या पक्षाचा काडीचाही वाटा नव्हता. ते आक्कासारख्यांनी मार खाऊन मिळवलं होतं.

पुढच्या निवडणुकीला आक्का स्वतः अपक्ष उभी राहिली. शिफ्ट सुटली की मी तिच्यासाठी भिंती रंगवायचो. ती पडली. मतमोजणी केंद्राच्या दारात सर दिसले, हार घातलेल्या लोकांत. मला पाहून त्यांनी हात जोडले.

मी जोडले नाहीत.