उपवास पकडणारी डबी

धाकट्या जावेचा मला फार हेवा वाटायचा. आज हसत सांगते, पण तेव्हा पन्नाशी गाठलेली मी बाई नुसती धुमसत असायचे. तिचं माहेर धारचं, जुन्या दरबारी घराण्यातलं. मराठी कशी लखलखीत. मी देवासची, हिंदी शाळेतली. म्हणून सासूबाईंनी हरतालिकेची कहाणी वाचायचा माझा मान काढून तिला दिला. अट एकच: वाचणारीचा उपवास निर्जळी हवा. आणि दिवसभर पाण्याचा थेंब न घेता ही बाई संध्याकाळी टवटवीत! चोरून खात असणार, दुसरं काय?

दोन हजार साल उलटून गेलं होतं. सणाला तिची मुलगी इंदूरहून आली. तीही हुशार, हा आणखी एक जाच. हवेतले किंचितसे वायू प्रकाशानं ओळखायचं तिचं संशोधन. काडेपेटीएवढी डबी, तिला एक नळी आणि लॅपटॉपला जोडलेली वायर. फुंकर मारली की आत दोन चिमुकल्या आरशांमध्ये प्रकाश येरझारा घालतो, वायू त्यातला थोडा गिळतो. किती गिळला, तो आकडा पडद्यावर.

"उपाशी आहे की खाल्लंय, तेसुद्धा कळतं, काकू."

"मग संध्याकाळी सगळ्यांचंच बघ की गं!" मी टपलेलीच होते.

उपवास माझाही निर्जळीच होता, पण दुपारी उद्याच्या मोदकांचं सारण निवत होतं. दोन चमचे, खोटं कशाला, वाटीभर खाल्लं आणि वर लवंग चघळली. यंत्र वासच घेणार ना? लवंगेपुढे त्याचं काय चालणार!

संध्याकाळी दीर माझ्या यजमानांना, त्यांच्या थोरल्या भावाला, इंदुरी हिंदीत म्हणाले, "भिया, दारू पकडनेवाली मशीन अब घर में भी?"

जावेनं फुंकर मारली, आकडा सरसर चढला. पोहे खाऊन बसलेल्या पोरीचा जेमतेम हलला होता. माझा पोरीच्याच आकड्याशेजारी जाऊन बसला.

"लवंगेनं बिघडलं असेल," मी म्हणाले.

"लवंग? निर्जळीला?" सासूबाईंनी चष्मा वर केला.

"काकू, हे वास नाही घेत. उपाशीपोटी शरीर चरबी जाळतं, मग श्वासात ॲसिटोन वाढतो. ज्यानं नेलपॉलिश पुसतो ना, तोच. तुमच्यात तो..." पोरीनं घाईनं लॅपटॉप मिटला.

सारण जावेनंच परतलं होतं. पातेल्यातला खड्डा तिला दिसला नसेल, असं होणारच नाही.

"आई, वहिनींना चक्कर येत होती," जाऊ सासूबाईंना शांतपणे म्हणाली. "मीच म्हटलं, तोंडात काहीतरी टाका."

सासूबाईंचा चेहरा निवळला. माझ्या हातात लिंबाचं सरबत आलं. मग तिनं कहाणी वाचली, कोरड्या घशानं, एकही शब्द न अडखळता. मी सरबत पीत वाट बघत होते, एक तरी अडखळावा.

पुढे तिनं त्यावरून मला कधी टोमणासुद्धा मारला नाही. मारला असता, तर आमची थोडी बरोबरी तरी झाली असती.