गोदामात न मावलेलं खत

मी चौथी पास. त्यापुढं शिकलो नाही आणि त्याची लाज कधी वाटली नाही. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात खताच्या गोदामावर एकवीस वर्षं हमाली केली, त्यातली शेवटची नऊ मुकादम म्हणून. गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघाले त्या दिवसांत, नव्वद सालानंतर कधीतरी, संघाच्या वार्षिक सभेत चेअरमननं मला माईकवरून चोर ठरवलं.

त्या साली पेरणीच्या तोंडावर बऱ्याच सभासदांना खत मिळालं नव्हतं. छापील अहवालात मात्र मार्चअखेर दोन हजारांवर गोण्या शिल्लक दाखवलेल्या. एकानं उठून विचारलं, "मग आमचं खत गेलं कुठं?"

चेअरमन म्हणाला, "गोण्यांना पाय फुटले. कुणाच्या घरी चालत गेल्या ते मुकादमाला इचारा."

मांडव हसला. मी उठलो, तर दोघांनी दंड धरून खाली बसवलं. मग नेहमीसारखं 'मंजूर, मंजूर' झालं आणि लाडू-चिवड्याच्या पुड्या वाटल्या. माझा व्याही पुढच्या रांगेत होता. त्यानं पुडी घेतली नाही. माझ्याकडं न बघता चपला घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं आणि तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'खताची चोरी, मुकादमावर ठपका.'

ज्यानं हे छापलं तो आमच्या तालुक्याचा वार्ताहर स्टँडसमोर बूथ चालवायचा. मी पेपर नेऊन त्याच्या काउंटरवर आपटला.

"तात्या, संघाची प्रेसनोट आली. जशी आली तशी फोनवर सांगितली."

"अहवाल वाचला व्हता का?"

"त्यात नुसते आकडे असत्यात. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"मंग मला चोर कशाच्या जीवावर केलंस?"

तो हळूच म्हणाला, "रविवारी नगरला आमचा वर्ग हाय. ताळेबंद कसा वाचायचा ते शिकवायला पुण्याचे सर येनार हायत."

"मी बी येतो."

"तुमी काय करनार तिथं?"

"तू शिकतोस का न्हाई, ते बघनार."

पिशवीत भाकरी आणि संघाचा अहवाल घेतला आणि सकाळच्या गाडीनं गेलो. वर्गात पंचवीसेक वार्ताहर होते. कुणी पानटपरीवाला, कुणी मास्तर, कुणी विम्याचा एजंट. सर म्हातारे होते, हिशेबनीस म्हणून रिटायर झालेले. फळ्यावर नफा-तोटा मांडून ते म्हणाले, "अखेरचा साठा जितका जास्त दाखवाल, तितका नफा जास्त दिसतो." वार्ताहरांनी माना हलवल्या. मला मान हलवणारी माणसं ओळखता येतात. सभेत तीच असतात.

मी उठलो. सरांनी विचारलं, "आपण कुठल्या वर्तमानपत्राचे?"

"कुठल्याच न्हाई. मी चोर हाय. ह्यानं छापलंय तसं."

वर्ग हसला. आमच्या वार्ताहराचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. मी अहवाल सरांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, ह्यात मार्चअखेर किती गोण्या हायत?"

"दोन हजार चाळीस."

"आमच्या गोदामात बारा थप्प्या बसत्यात. एका थप्पीत शंभर गोण्या. त्याच्यावर चढवल्या तर खालच्या गोणीतल्या खताचा दगड व्हतो. दोन थप्प्यांच्या मधी मानसाला जायला वाट सोडावी लागती, न्हाईतर गोणी काढनार कशी? बाराशेला गोदाम भरलं. बाकीचं खत काय चेअरमनच्या माडीवर ठेवलं व्हतं?"

सरांनी खडू खाली ठेवला. अहवालाची मागची पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचली, "साठा व्यवस्थापनाने प्रमाणित केल्याप्रमाणे."

"म्हंजी?"

"म्हणजे ऑडिटरनं गोण्या मोजल्या नाहीत. संघानं सांगितलेला आकडा लिहून घेतला."

ती ओळ मी त्यांना तीनदा वाचायला लावली. म्हणजे आठशेचाळीस गोण्या कधी आल्याच नव्हत्या. नफा फुगवायला त्या कागदावर चढवल्या आणि खाली उतरवताना माझ्या पाठीवर टाकल्या. सर वर्गाला म्हणाले, "आकडा मिळाला की आधी तो कुठं ठेवलाय ते बघायला जा. हे यांच्याकडून शिका." भाकरी खायला मला त्यांनी शेजारी बसवलं.

परतताना गाडीतही मी वार्ताहराला सोडला नाही. "उद्या मोजायची टेप घेऊन गोदामावर ये," म्हणालो. तो आला. आत सोडलं नाही, तर आम्ही बाहेरून भिंती मोजल्या. गोदामात खत मावत नाही अशी बातमी त्यानं नावानिशी छापली. मग जिल्ह्याहून तपासणी आली.

चेअरमननं माणूस पाठवला, "कामावर या, झालं गेलं विसरा." मी निरोप दिला, "माईकवरून चोर म्हणलाय, माईकवरूनच परत घ्या." खास सभा बोलवावी लागली. तो उठला आणि पुटपुटला, "मुकादमाचा दोष न्हाई."

मी ओरडलो, "मागं ऐकू आलं न्हाई!"

त्याला पुन्हा बोलावं लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आजून बी न्हाई आलं!" तिसऱ्यांदा तो बोलला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. त्याच सभेत त्याची खुर्ची गेली. व्याही संध्याकाळी घरी येऊन जेवून गेला. कामावर मी परत गेलो नाही.

आता तो चेअरमनही थकलाय. डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणून रोज सकाळी माझ्या ओट्यासमोरून जातो आणि हात जोडून "रामराम, मुकादम" म्हणतो. मी दाढी खाजवतो. बायको म्हणते, "आवं, म्हातारा झाला, आता तरी घ्या की रामराम." मी तिला सांगितलंय, माझ्यामागं तुला घ्यायचा असला तर घे.