पावणेचारची मेल

"त्याला त्याचं करू द्या." सर्व्हरच्या कपाटावर उजवा तळहात टेकवून, डोळे मिटून सर एवढंच म्हणायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. चपला दाराबाहेर काढलेल्या असायच्या. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही दोन पावलं मागे सरला असता, लिहून घ्या माझ्याकडून.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची रंगांची कंपनी. कंपनीची सगळी मेल ज्या एका मशीनमधून जाते-येते तो हा सर्व्हर. तो सरांच्या ताब्यात, आणि मी सरांच्या हाताखाली. ते उल्हासनगरहून यायचे, कॅम्प तीनमधून शेअर रिक्षाने. मी बदलापूरहून. दोघांचं जमायचं, कारण बोलायचं काम माझं आणि ऐकायचं त्यांचं.

तर हा सर्व्हर रोज पावणेचार वाजता गुदमरायचा. एरवी त्याचे हिरवे दिवे आपापल्या मर्जीने लुकलुकायचे. पावणेचारला सगळे एकदम पेटायचे आणि तसेच राहायचे. आत डिस्क कुरकुरायला लागायची, कोणी नखाने पत्रा खरवडतंय असं वाटायचं. पंधरा-वीस मिनिटं एक मेल हलायची नाही. मग आपोआप सगळं सुरळीत.

"मॅडम, ट्रक गेटवर उभाय आणि पार्टीचे कागद येईनात! ड्रायव्हर मला शिव्या घालतोय!" डिस्पॅचवाला फोनवर ओरडायचा.

"मला कशाला सांगता? सरांना सांगा," मी म्हणायचे. आणि सर? कपाटावर हात ठेवून उभे.

एकदा शेठ स्वतः खाली आले. सिंधी माणूस, आवाज चढवायची सवय नाही. "साईं, आठ दिवस देतो. नाही जमलं तर मेल बाहेरच्या कंपनीला देऊन टाकतो. मग तुमचं इथे काय काम?" सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सर मात्र "हो साहेब" म्हणाले आणि चहाला गेले.

मग मीच पदर खोचला. डिस्क भरली असेल म्हणून जुना कचरा काढला. व्हायरस तपासणीची वेळ सकाळवर टाकली. मेमरी वाढवली. डिझाइनवाले मोठमोठी चित्रं पाठवतात, त्यांच्याशी भांडून आले. पावणेचारला दिवे पेटायचे ते पेटलेच. रविवारी कंपनीला कुलूप असतं, सोमवारी नोंदी बघितल्या तर रविवारीही पावणेचारला तेच. बंद कंपनीत, सगळे कॉम्प्युटर बंद असताना, कोणीतरी येऊन काहीतरी केलं होतं.

पाचव्या दिवशी मी नोंदींची एकेक ओळ वाचत बसले. पावणेचारला कोण जागं होतं ते शोधायचं ठरवलं. एक खातं सापडलं. प्रयोगशाळेतल्या बाईंचं.

बाई म्हणजे सरांची बायको. त्या आमच्याच लॅबमध्ये केमिस्ट होत्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. शोकसभेला त्यांच्या फोटोला हार मीच घातला होता.

तशीच उठून लॅबमध्ये गेले. बाईंच्या टेबलावर आता नवी मुलगी बसते. ती म्हणाली, "त्या मॅडमचा कॉम्प्युटर? तो तर केव्हाच भंगारात गेला." परत आले, नोंद पुन्हा वाचली. खातं बाहेरून उघडत नव्हतंच. सर्व्हरच्या आतूनच कोणीतरी ते उघडत होतं, पहिल्या मेलपासून शेवटच्या मेलपर्यंत सगळं वाचत होतं, आणि मग एक मेल पाठवत होतं. सरांना.

पावणेचार वाजायची वाट बघत मी बसले. दिवे पेटले. कुरकुर सुरू झाली. वीस मिनिटांनी बाईंची मेल निघाली. "अहो, गोळी घ्या." दोन मिनिटांत शेजारच्या टेबलावरून सरांचं उत्तर. "घेतली."

"सर," मी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हे बाईंचं..."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग पाच दिवस मला कशाला राबवलंत?"

"म्हटलं, तुला दुसरं काहीतरी सापडेल." आणि चक्क ओशाळून हसले.

मग सांगितलं. सरांना ब्लडप्रेशर, आणि गोळी विसरायची खोड. बाई लॅबच्या कामात, आठवण कशी करणार? म्हणून त्यांनी कॅम्प तीनमध्ये कॉम्प्युटरचा क्लास लावला आणि स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. रोज पावणेचारला मेल जाणार, आणि "घेतली" असं उत्तर आलं नाही तर दर पाच मिनिटांनी पुन्हा जाणार. बायकोचाच प्रोग्रॅम तो! पण बाई शिकाऊ. प्रोग्रॅम रोज आधीच्या सगळ्या मेल पहिल्यापासून वाचायचा, मग आजची पाठवायचा. सुरुवातीला पाच-पन्नास होत्या, तेव्हा काही कळलं नाही. वर्षं गेली, ढीग वाढला, आणि सगळी कंपनी त्या ढिगाखाली थांबू लागली.

"खातं बंद का नाही केलं?"

"बंद करायचा अर्ज मीच द्यायचा, मंजूरही मीच करायचा. राहून गेलं."

"बरं, पण दोन ओळी बदलल्या की झालं की! फक्त आजचंच बघायला सांगायचं. तुम्हाला काय अवघड?"

"तिनं लिहिलंय ते," सर म्हणाले. "तिच्या लिहिण्यात मी कधी हात घातला नाही. मी बदललं की ते माझं होईल गं."

मी चिडले. नोकरी जाईल, पेन्शनचं काय, बाईंना तरी हे आवडलं असतं का, नाही नाही ते बोलले. सर ऐकत राहिले. आठव्या दिवशी साडेतीनला त्यांनी माझ्यासमोर तो प्रोग्रॅम बंद केला. "गेटवर ड्रायव्हर ताटकळतात, ते काही बरं नाही," एवढंच म्हणाले. पावणेचारला दिवे नेहमीसारखे लुकलुकत राहिले. डिस्पॅचवाल्याने पेढे आणले. सर गोळीची पट्टी हातात धरून स्क्रीनकडे बघत बसले होते.

ते मला बघवेना. मी माझ्या टेबलावरून लिहिलं, "सर, गोळी घ्या." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. गोळी घेतली, पाणी प्यायले, मग उत्तर टाइप केलं. "घेतली."

मग रोजचंच झालं. पावणेचारला माझी मेल, मिनिटात त्यांचं उत्तर; मान वर करून बघायची गरजच पडली नाही. मी लॅबमध्ये असो, रजेवर असो, चुकले नाही. घरी आईपुढे मिरवायचे, बघ, माणूस कसा मार्गी लावला!

पाच-सहा महिन्यांनी एका मंगळवारी सर आलेच नाहीत. शेजाऱ्यांचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित होत्या का? मी छातीठोकपणे सांगितलं, "रोज घ्यायचे, डॉक्टर. मी स्वतः विचारायचे." डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वरपासून वाचला. दोन दिवसांनी सर गेले.

त्यांच्या खुर्चीत आता मी बसते. तेरावा झाल्यावर पहिल्याच दिवशी, पावणेचार वाजले आणि हाताच्या सवयीने मेल गेली. "सर, गोळी घ्या." गेल्यावर लक्षात आलं. जीभ चावली.

मिनिटात उत्तर आलं. "घेतली."

मी खुर्चीवरून उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आत यायची हिंमत होईना. बराच वेळ गेल्यावर आले आणि सर्व्हर उघडून शोधायला लागले. सापडलं. सरांच्या हातचा प्रोग्रॅम, नेटका, चारच ओळींचा. पावणेचार ते चारच्या दरम्यान माझी मेल आली, की आत काय लिहिलंय ते न वाचता एका शब्दाचं उत्तर द्यायचं. तारीख बघितली. मी पहिल्यांदा मेल पाठवली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे पहिली एक गोळी त्यांनी माझ्या सांगण्याने घेतली होती. बाकी सगळी उत्तरं मशीनची. मला वाईट वाटू नये म्हणून.

असा राग आला म्हणून सांगू! त्या रात्री मी रडले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पावणेचारला लिहिलं, "सर, खोटं बोलू नका."

मिनिटात उत्तर आलं.

"घेतली."