चाचींची कोळशाची गोणी

लखनऊमधून ‘नाही’ हा शब्द कुणीतरी पळवला आहे. ज्या कुणी पळवला असेल, त्याने तो निमूट परत आणून ठेवावा! त्याच्यापायी माझी जी शोभा झाली ना... चहा घ्या हातात, सांगते.

तेव्हा मी नुकतीच एमएस्सी होऊन साताऱ्याहून इथल्या एका संशोधन संस्थेत लागले होते. विषय पर्यावरण, वय तेवीस, आणि घाई अशी की पृथ्वी येत्या सोमवारपर्यंत वाचवायचीच! वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत चाचींच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खाली अंगणात त्यांची अंगीठी, म्हणजे आपली शेगडी, आणि शेजारी कोळशाची गच्च भरलेली गोणी. जानेवारीतलं लखनऊ पाहिलंय कधी? धुकं दारातून आत येऊन खुर्चीवर बसतं! सगळं घर त्या शेगडीवर ऊब घ्यायचं, आणि मी जिन्यात उभी राहून भाषण द्यायचे.

“चाची, यह कोयला ज़हर है!”

“बिल्कुल सही कह रही हो, बिटिया.”

“फिर बंद कीजिए ना!”

“ज़रूर. समझो कल से बंद. चाय पियोगी?”

झालं! आमच्या साताऱ्यात एखाद्याला पटलं नाही तर तो तिथल्या तिथे तोंडावर सांगतो. इथे तर थेट ‘ज़रूर’! मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाची दवाखान्यात गेल्या. सून बाळंत झाली होती, पाच दिवसांचा नातू संध्याकाळी घरी यायचा होता. मी म्हटलं, पाच दिवसांचं बाळ आणि कोळसा? छे! चांगल्या कामाला उशीर कशाला? कोपऱ्यावर कोळशाच्या इस्त्रीने कपडे कडक करून देणारे प्रेसवाले भैया होते. त्यांना बोलावलं आणि अख्खी गोणी देऊन टाकली.

“दीदी, चाची से पूछ लिया है ना?”

“अरे, उन्होंने ही तो कहा!”

मग माझा विजेचा हीटर बाळाच्या खोलीत ठेवला आणि आईला फोन लावला. “आई, आज मी एक घर कोळसामुक्त केलं!”

“बरं. स्वेटर घातलास का?”

पाच वाजता चाची पुढे आल्या, खोली गरम करून ठेवायला. बाळ तासाभरात पोचणार होतं.

“बिटिया, बोरी नहीं दिख रही...”

“दे दी, चाची! अब हीटर है!”

चाचींनी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं. मग हसून म्हणाल्या, “अच्छा! दे भी दी? बड़ी मेहरबानी, बिटिया. इतनी फ़िक्र तो अपने भी नहीं करते.”

मी फुलून गेले! ऐटीत हीटरचं बटण दाबलं. तार लाल झाली, आणि दुसऱ्याच मिनिटाला अख्ख्या सेक्टरची लाइट गेली.

खोली म्हणजे बर्फाची पेटी. तेवढ्यात चाचींच्या मुलाचा फोन, ‘निघालो.’ कसलं पर्यावरण नि कसलं काय, स्लीपर घालून धावत सुटले! भैयांनी बिचाऱ्यांनी काही न विचारता गोणी सायकलवर टाकली.

आणि मग मी जे पाहिलं! महिनाभर भाषणं दिली, पण एकदाही खाली बसून बघितलं नव्हतं. चाचींनी मोठे कोळसे खाली, बारीक वर असे रचले, मध्ये हवेला वाट ठेवली आणि अंगणातच पेटवले.

“चाची, ले जाऊँ अंदर?”

“अभी धुआँ है.”

“अब?”

“अभी नीली लौ है. वह मर जाए, तब.”

ऐकताय ना? निळी ज्योत म्हणजे विषारी वायू अजून जळतोय, हे मी पुस्तकात पाठ केलं होतं. या बाईंच्या ते नजरेत होतं! निखारे लालभडक झाले, त्यांवर राखेची पातळ साय आली, तेव्हा कुठे शेगडी आत गेली. तीही दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून. चाची शेजारी उभ्या. मधूनमधून भिंतीला तळवा लावून बघायच्या. भिंत तापली तशी शेगडी परत अंगणात. खोलीतली हवा बदलली, मग खिडक्या ओढल्या. रिक्षातून किंचाळत आलेलं बाळ त्या खोलीत शिरलं आणि गप्प झालं. धुराचा वास? औषधालाही नाही!

मी अंगणात येऊन, सायकल घेऊन निघालेल्या भैयांना म्हणाले, “क्या औरत हैं, भैया! और दिल देखिए, ज़रा भी नाराज़ नहीं हुईं. उलटा बोलीं, बड़ी मेहरबानी!”

भैयांनी सायकल उभी केली. माझ्याकडे नीट बघितलं.

“मेहरबानी कहा? दीदी, हमसे तो उनकी शादी की साड़ी जल गई थी, तब भी इतना नहीं सुनाया था!”